काचेचा कापूस
फायबर चिकटवायच्या रेझिनचा डबा उघडला की तो उग्र वास डोक्यात चढतो आणि मला आमची कापूस ठेवायची खोली आठवते. त्या उन्हाळ्यात कापूस विकून ती रिकामी झाली होती, आणि मित्राच्या मोटरसायकलचं तडकलेलं मडगार्ड फायबरनं सांधायला मी ती बाबांकडे मागितली होती. "काय करतं ते आधी पाहू दे," म्हणत ते आत आले. फरशीवर काचेच्या धाग्यांची पांढरी मॅट पसरली होती. मी मडगार्ड घासत होतो, तेवढ्यात त्यांनी मॅटचा कोपरा तोडला, कापूस पारखावा तसा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, जुळवून पुन्हा ओढला आणि धाग्याची लांबी निरखत राहिले. "बाबा, काच हाय ते, हातात घुसते," मी म्हटलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत त्यांची बोटं लाल झाली. आई त्यांच्या हातांवर थंड पाणी ओतत माझ्याकडे बघत होती, आणि खोली हातची गेली असंच मी धरून चाललो. जेवताना त्यांनी विचारलं, "याले बोंडअळी लागत नसंन?" "नाही." "पान्याचंही काम नाही?" "नाही, बाबा." ते बोटं खाजवत राहिले. "धागा मातर लंबा हाय," शेवटी म्हणाले, आणि खोलीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. आता मी हातमोजे घालतो. तरी नवी मॅट उलगडली की आधी एक झुबका चिमटीत ओढून धागा बघतो, मगच कात्री हातात घेतो.