शेवंतीतली खेकडीण

पेठ वडगावजवळच्या एका गावानं, विधवांनी खुशाल फुलं माळावीत, हळदी-कुंकू लावावं, असा ठराव एकमतानं मंजूर केला. एकमतानं मंजूर झालेल्या ठरावांचं जे होतं तेच त्याचं झालं. फ्रेम करून तो ग्रामपंचायतीत टांगला गेला.

त्याच गावात चिमणाबाई शेवंती पिकवतात. नवरा गेल्यापासून गावातल्या सगळ्या अंबाड्यांवर त्यांची फुलं असतात. त्यांचा स्वतःचा अंबाडा सोडून.

फुलं तोडताना त्यांना आठ पायांची एक कोळीण भेटते. ती जाळं विणत नाही. पांढऱ्या फुलावर पांढरी. पिवळ्यावर मुक्काम केला की काही दिवसांत पिवळी. पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून भर उजेडात बसते आणि आपल्याहून मोठी मधमाशी आली तरी मानगुटीला धरते. नर तिच्यापुढं एवढासा. तो असला काय, नसला काय, तिचा दिनक्रम बदलत नाही. चिमणाबाई तिला खेकडीण म्हणतात आणि तिचं फूल तोडत नाहीत. "ऱ्हाऊ दे. ती काय कुणाला इचारून बसलीया?"

मार्गशीर्षात पुतणीची, तेजस्वीची, हळद होती. चिमणाबाई अंबाड्यात पिवळी शेवंती खोचून मांडवात आल्या. नवरीची आई, म्हणजे त्यांची थोरली जाऊ तानाबाई, आडवी आली.

"चिमणे, कार्य हाय. काढ ते."

"ठराव हाय की, आक्का."

"ठराव पंचायतीत टांगलाय. हितं मांडव हाय."

तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "अगं बया, फुलात किडा!" पिवळ्यात पिवळी, म्हणून तोडताना चिमणाबाईंनाही न दिसलेली खेकडीण पाकळ्यांतून पाय पसरून बाहेर आली होती. तानाबाईंना देवानंच कारण धाडलं. त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नगंस. माणसाला काय करत न्हाय ती."

"केसात कोळी घिऊन हळद लावणार व्हय?"

"व्हय. तिला काढलं तर फूल जाईल. फूल गेलं तर मीबी जाईन."

मांडव गप्प झाला. कोल्हापूरकडं ही गोष्ट सहसा घडत नाही.

पाटावरून तेजस्वी ओरडली, "काकू, हळद वाळाय लागली. ये की!"

चिमणाबाई गेल्या. पहिलं बोट त्यांनीच लावलं. वाकल्या तेव्हा एक माशी फुलावर उतरली, आणि उतरली तिथंच राहिली.

फोटोला तानाबाई शेजारी उभ्या राहिल्या, जरा अंतर राखून.

"मान हलवू नगंस, चिमणे," त्या पुटपुटल्या. "जेवतीया ती."