दारावरची कडुलिंबाची डहाळी

२०१७ साली मी डहाणूच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सेमिनारला विषय मिळाला होता, विषाणू शिरल्यावर मेंदूतल्या पेशी एकमेकींना काय कळवतात. चार लोकांसमोर माझा आवाज फुटत नसे, म्हणून तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर मी आईपुढेच सराव सुरू केला.

विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचा निरोप बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात, असं मी तिला सांगितलं. आई म्हणाली, हे तर आपल्यासारखंच. घरात कांजण्या आल्या की आपण दाराला कडुलिंब बांधतो आणि तो बघून कोणी उंबरा चढत नाही. मला ते इतकं पटलं की मी लगेच डहाळी तोडून दाराला बांधली आणि तिच्याकडे बोट दाखवत बोलायचा सराव केला. नंतर ती सोडायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी आमची भातकापणी होती. आमच्याकडे सगळे एकमेकांच्या कापणीला जातात. त्या दिवशी कोणीच आलं नाही. आभाळ भरलेलं, पिकलेलं भात उभं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं, डहाळीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

मी घरोघर निघालो. लोक अंगणाबाहेरच थांबवत. शेजारच्या काकीला मी लांबूनच सांगितलं, की कोणी आजारी नाही, ते मेंदूसाठी होतं.

"म्हणजे डोक्यात गेलं का रे तुझ्या?" काकी मागे सरली.

डहाळी काढून टाकतो म्हटलं, तर म्हणाली, "अशी काढतात होय? आधी पाल्याची आंघोळ कर. आम्हाला दिसेल अशी."

आजारी माणूस बरा झाला की कडुलिंबाच्या पाण्याने न्हातो, मगच डहाळी उतरते. तेव्हा मी धडधाकट माणूस भर अंगणात न्हालो. आई तांब्याने पाणी ओतत होती, कुंपणापलीकडे पाडा उभा होता. बाबांनी डहाळी सोडली आणि थोड्या वेळात सगळे विळे घेऊन आले.

कापताना मला आठवलं, की निरोप सुटतो कसा एवढंच मी सेमिनारसाठी लिहिलं होतं. तो वेळेवर थांबला नाही तर मेंदूलाच सूज येते, हे पान मी घाईत उलटलं होतं.

पाऊस आला तेव्हा भात घरात होतं. काकी मात्र शेवटपर्यंत माझ्या शेजारची ओळ सोडून कापत राहिली.

"बरा झालास ते दिसलं," ती म्हणाली, "पण डोक्याचं काय सांगावं."