कुंपणापलीकडची नोएलीन

ब्रोकन हिल गावाच्या आसपासच्या कुरणांवर लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्या फिरतात. त्यातल्या एका टोळीला नोएलीन पॅस्कोने उभं आयुष्य जेवू घातलं. पहाटेचा नाश्ता, मधल्या सुट्टीचा केक, दुपारचं मटण, पुन्हा केक, पुन्हा मटण. कातरणाऱ्यांच्या बराकीत बाईमाणसाला जागा नसायची, म्हणून तिने ऐन विशीत गाडीमागे जोडून ओढायची ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक जुनी कॅरॅव्हान घेतली आणि तिच्यातच संसार मांडला. नवरा रॉस त्याच टोळीत कात्र्यांना धार लावायचा. मुलगी जेनीन त्या कॅरॅव्हानमध्येच रांगायला शिकली. एखादा नवखा कातरणारा मटण वातड आहे म्हणाला, की नोएलीन त्याच्या पुढची थाळी उचलायची, कुत्र्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "याची काही तक्रार नाही बघ."

रॉस गेला तेव्हाही ती स्वतःच्याच मनाने वागली. दफन झाल्यावरचं जेवण नोएलीनच करणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. तिने दुकानातून सँडविचचे खोके आणले, टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून बसून राहिली. रॉसची थोरली बहीण बेरिल शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, शब्दाची पक्की आणि रागाची त्याहून पक्की. तिने एक सँडविच उघडलं, आतला हॅमचा पापुद्रा पाहिला, पुन्हा मिटून ठेवलं, आणि त्या दिवसापासून भावजयीशी बोलणं टाकलं. घरं एकाच रस्त्यावर, तरी एक दिसली की दुसरी रस्ता ओलांडायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग सत्तरी ओलांडल्यावर नोएलीनची मूत्रपिंडं बसली. डॉक्टरांनी पोटात एक नळी बसवून दिली. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी उंच टांगायची, पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरवायचं, नवं आत भरायचं. अर्ध्या तासाचं काम. नर्सने बजावलं होतं, "खोली बंद, पंखा बंद, हात कोपरापर्यंत धुतलेले, तोंडाला मास्क. धूळ म्हणजे तुमची वैरीण. आणि बाहेर आलेलं पाणी दुधाळ दिसलं, तर पिशवी फेकायची नाही. ठेवायची आणि लगेच फोन करायचा."

जेनीन ॲडलेडला असते. तिने आपल्या घरातली एक खोली रंगवून घेतली, आईच्या घराला भाडेकरू शोधला, आणि आईला न विचारता कॅरॅव्हान विकायची जाहिरातही देऊन टाकली. एका शनिवारी नोएलीन बाहेर आली, तर एक तरुण जोडपं तिच्या कॅरॅव्हानला टेप लावून मापं घेत होतं.

"इथे खिडकी कापायची," मुलगा बायकोला सांगत होता. "म्हणजे कॉफी बाहेर देता येईल."

"माझ्या पलंगावर कॉफीचं यंत्र ठेवणार?" नोएलीनने विचारलं.

मुलगी लाजून हसली. "अहो, पलंग काढून टाकणार आम्ही."

"टेप गुंडाळा," नोएलीन म्हणाली. "ही विकायची नाही. ही बाहेर निघालीय."

कुठे निघालीय, हे बोलताना तिलाही ठाऊक नव्हतं. पण त्या हिवाळ्यात दुकानात, बँकेत, जिथे जाल तिथे एकच विषय होता. उत्तरेकडच्या पुराने एरचं तळं भरलं होतं. एरवी ते तळं म्हणजे नुसता मिठाचा कोरडा पापुद्रा. पाणी येतं ते असं क्वचित, आणि एवढं भरतं ते तर आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी. वाटेत कुत्र्यांचं कुंपण लागतं. जंगली कुत्र्यांनी मेंढ्यांना हात लावू नये म्हणून अख्ख्या मुलखाला घातलेली ती तारेची भिंत. कुंपण संपलं की मेंढ्या संपतात, मेंढ्या संपल्या की कातरणारे संपतात, आणि म्हणून नोएलीनचा रस्ताही आजवर तिथेच संपत आला होता. पलीकडे तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

आई तळं बघायला निघालीय हे कळताच जेनीनचा फोन आला. "आई, तिकडे तुला काही झालं तर?"

"होणारच आहे गं कधीतरी. ते ॲडलेडलाच व्हावं असा काही नियम आहे का?"

दुसऱ्या दिवशी दारात बेरिल उभी राहिली.

"जेनीन म्हणते, तू डोक्यावर पडलीयस."

"डोक्याचं ठीक आहे. सध्या सगळं पोटावर आलंय."

"गाडी कोण चालवणार?"

"मी."

"तू पिशव्या टांगत बसणार आणि मधल्या वेळात डुलक्या काढणार. मी विचारतेय, गाडी कोण चालवणार?"

नोएलीनने नणंदेकडे नीट पाहून घेतलं. "चहा अजून बिनसाखरेचाच घेतेस?"

"हो. आणि स्वयंपाक मी करणार नाही, आत्ताच सांगते."

"मीही नाही," नोएलीन म्हणाली.

तेव्हा डबाबंद सूप, बिस्किटं आणि चीज यांच्या भरवशावर दोघी निघाल्या. बेरिल गाडी चालवायची ती मागे शाळेची पोरं बसल्यासारखी. वळणाच्या कितीतरी आधी वेग उतरवायची, आरशात बघायची, आणि नोएलीनने खिडकीवर कोपर टेकलं की म्हणायची, "हात आत." दिवसभर दोघींनी रस्ता, वारा आणि पेट्रोल यांपलीकडे एक अक्षर काढलं नाही. लिंडहर्स्ट गावाच्या पुढे बेरिल एकदम म्हणाली, "विकतचे सँडविच. माझा एकुलता एक भाऊ, आणि विकतचे सँडविच."

नोएलीन म्हणाली, "माझ्या हातचं तुझ्या भावाला आवडायचं, बेरिल. तो जेवायला नव्हता. मग रांधू कोणासाठी?"

मरी गाव आलं. गावाच्या पाटीपाशी बेरिल म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचंस."

"तू विचारलंस कुठे? तू हॅम बघत होतीस."

मरीला इस्पितळाने पाठवलेले पिशव्यांचे खोके आधीच येऊन पडले होते. ते कॅरॅव्हानमध्ये भरून दुसऱ्या सकाळी त्या पश्चिमेच्या कच्च्या रस्त्याला लागल्या. कुंपण आलं तेव्हा नोएलीनने गाडी थांबवायला लावली. खाली उतरली आणि जनावरांना ओलांडता येऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे टाकलेले लोखंडी गज पायाने पार करून पलीकडे जाऊन उभी राहिली.

"इथून पुढे मटण नाही," तिने मागे वळून सांगितलं.

"गायी आहेत," बेरिल खिडकीतून म्हणाली. "उगाच खूश होऊ नकोस."

पुढचा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होता. दात हादरत होते, डबे आपटत होते. औषधाची वेळ झाली म्हणून त्या थांबल्या आणि कॅरॅव्हानचं दार उघडलं, तेव्हा बेरिलने हळूच एक शिवी दिली. छपरावरच्या झरोक्याची कडी तुटून झाकण उघडं पडलं होतं. आत सगळं लालभडक. पलंगावर, ओट्यावर, उशीवर पिठासारखी धूळ बसली होती. पिशव्या प्लास्टिकमध्ये सीलबंद असल्याने त्यांना काही झालं नव्हतं, पण त्या खोलीत पोटाची नळी उघडणं म्हणजे मरणाला हाक मारणं.

"एक वेळ चुकव," बेरिल म्हणाली. "नर्स म्हणाली होती, एकाने काही होत नाही."

"एक चुकवली की दुसरी चुकवायला कारण मिळतं. गाडी आहे की."

मग बेरिलने पुढच्या सीटा, दारं, काचा जंतुनाशकाने पुसून काढल्या. धुतलेली चादर प्लास्टिकच्या थैलीत होती, ती अंथरली. हे चालू असतानाच मागून एक गाडी आली. तिला जोडलेली कॅरॅव्हान म्हणजे चाकांवरचा बंगलाच. ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ उतरले. माणूस कामाचा. शिडी काढून छपरावर चढले, झाकण दाबून बसवलं, चारी बाजूंनी टेप लावली. खाली उतरले आणि मग त्यांना पिशव्या दिसल्या.

"हे डायलिसिसचं आहे का?"

"लिंबूसरबत नाही," बेरिल म्हणाली.

"अहो बाई, अशा अवस्थेत इथे यायचं? तुम्हाला काही झालं की विमानं धावतात, माणसं जीव धोक्यात घालून येतात. मी म्हणतो, परत फिरा. मी मरीपर्यंत तुमच्या मागोमाग येतो."

"झाकणाबद्दल आभारी आहे," नोएलीन म्हणाली. "आता बाजूला व्हा, धूळ उडतेय."

ती गाडीत बसली, काचा चढवल्या, हात धुतले, मास्क बांधला आणि पिशवी वरच्या हुकाला अडकवली. ग्रॅहॅमनी आपला सॅटेलाइट फोन काढला आणि दूर जाऊन ते थेट पोलिसांशी बोलले.

जवळच्याच एका कुरणावर कामाला आलेली तरुण पोलीस बाई निरोप मिळताच निघाली. ती पोहोचली तेव्हा नवं पाणी अजून आत उतरत होतं. तिने काचेवर टकटक केली. आतून नोएलीनने तळहात दाखवला. थांब. पोलीस बाई थांबली. बेरिलने तिला बिस्किटं दिली. ग्रॅहॅमनाही दिली, पण मोडकी.

नळी बंद झाली, टोपण बसलं, मग काच खाली आली.

"हे गृहस्थ म्हणतात, तुम्ही आजारी आहात," पोलीस बाई म्हणाली.

"आहे. खरं तेच सांगितलं त्यांनी."

"आणि परत फिरायला तयार नाही."

"तेही खरं."

पोलीस बाईने प्यायचं पाणी किती आहे ते विचारलं, टायर पाहिले, जास्तीची दोन चाकं पाहिली, बेरिलने गाडीत बसवलेला वायरलेस लावून पाहिला. "गाडी ठीक आहे, चालवणारी शुद्धीत आहे. तुम्हाला अडवायचा मला अधिकार नाही."

"मग अडवू नका."

"पण जबाबदारी कोणाची?" ग्रॅहॅम मध्येच म्हणाले. "उद्या काही झालं तर?"

नोएलीन दार उघडून खाली उतरली. "माझी. ह्या हातांनी रोज टोळीभर माणसांना वेळेवर जेवायला घातलंय, आणि एकालाही कधी पोटदुखी झाली नाही. माझ्या स्वतःच्या पोटातल्या दोन लिटर पाण्याची जबाबदारी मला झेपेल. तुम्ही चांगले आहात. शिडी घेऊन आलात. पण मला कुठे मरायला परवानगी आहे, ते तुम्ही ठरवायचं नाही."

ग्रॅहॅम शिडी उचलून आपल्या गाडीकडे गेले. पोलीस बाई टोपी सारखी करत म्हणाली, "पुढे विल्यम क्रीक गावाला पोहोचलात की मला फोन करा. कायदा म्हणून नाही. मला झोप लागावी म्हणून."

"बेरिल करेल," नोएलीन म्हणाली. "मी फोनवर बरी वाटत नाही."

तळं दुपारी आलं. रस्त्याच्या कडेचा एक चढ संपला आणि समोर काहीच उरलं नाही, नुसतं पाणी. कडेला गुलाबी, मध्ये चांदीसारखं, आणि पार पलीकडे आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये असं. पेलिकनांचे थवेच्या थवे बसलेले. बेरिलने घडीच्या खुर्च्या काढल्या. नोएलीन बेरिलकडे पाठ करून बसली. बेरिलला वाटलं, रडतेय. वाकून पाहिलं तर भावजय संतापलेली होती.

"हे इथे होतं," नोएलीन म्हणाली. "हे सगळं इथे होतं, आणि मी कातरणाऱ्यांच्या शेडमध्ये कांदे चिरत होते."

"दर वेळी पाणी नसतं गं."

"मी तरी दर वेळी कुठे आले असते? पण इतक्या वर्षांत एकाला तरी म्हणता आलं असतं, नोएलीन, आज राहू दे स्वयंपाक. तुझ्या भावालासुद्धा सुचलं नाही."

बेरिलने यावर भावाची बाजू घेतली नाही. सूपचा डबा उघडला, गरम न करताच दोन कपांत ओतला आणि एक तिच्या हातात दिला. ते अत्यंत बेचव सूप दोघींनी संपवलं.

विल्यम क्रीकला मुक्काम पडला. तिथल्या दुसऱ्या सकाळी पिशवीत उतरलेलं पाणी दुधाळ होतं. नोएलीनने पिशवी उजेडात धरली, बाजूला ठेवली आणि फोन केला. विमानाने डॉक्टर आले, तिला पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळात घेऊन गेले. पोटात जंतू शिरले होते. चार-पाच दिवस ती तापाने फणफणली, कण्हली, आणि मग हळूहळू डोळे उघडून आजूबाजूच्यांना टोमणे मारण्याइतकी सावरली. ग्रॅहॅमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे तिने नर्सपाशी कबूलही केलं. बेरिल एकटीने तो सगळा रस्ता कापून आली आणि कॅरॅव्हान इस्पितळाच्या आवारात आणून लावली. रखवालदाराने ती हलवायला सांगितली, तेव्हा बेरिल म्हणाली की आपल्याला गाडी मागे घेता येत नाही. शाळेची बस चालवलेली ही बाई इतकं धडधडीत खोटं याआधी कधी बोलली नव्हती.

जेनीन ॲडलेडहून आली ती दारातूनच सुरू झाली. "मी सांगितलं होतं ना, आई?"

"सांगितलं होतंस."

"मरता मरता वाचलीस."

"वाचले ना?"

"आता तू माझ्याबरोबर येतेस. खोली तयार आहे, इस्पितळ दहा मिनिटांवर आहे."

नोएलीन उशीला टेकून जरा वर सरकली. मुलीचा हात तिने हातात घेतला, आवाज मात्र तसाच ठेवला. "तुझी खोली चांगली आहे, जेनीन. रंगही चांगला असेल. पण तिथे मी खिडकीपाशी बसून तुझी वाट बघत राहीन, आणि तू माझ्या मरणाची. आपल्या दोघींनाही ते जमणार नाही."

जेनीन रडली, मग चिडली, मग पर्स उचलून निघून गेली. पुढचा महिनाभर तिने फोन केला नाही. "आत्यावर गेलीय पोरगी," बेरिल म्हणाली, आणि तिला त्यात अभिमान वाटत असल्यासारखंही दिसलं.

इस्पितळातून सोडायच्या दिवशी नर्सने विचारलं की पुढच्या पिशव्या ब्रोकन हिलच्या पत्त्यावरच पाठवायच्या ना.

"कूबर पीडीला पाठवा," नोएलीन म्हणाली. "विल्यम क्रीकच्या पुढचं गाव."

नर्सने बेरिलकडे पाहिलं. बेरिल खिडकीतून कॅरॅव्हानकडे बघत होती. छपराला नवा झरोका बसला होता, दोन कड्यांचा.

"माझ्याकडे काय बघताय?" बेरिल म्हणाली. "मी नुसती गाडी चालवते."