बर्फातले घुंगरू

नाताळचे सिनेमे माझ्याएवढे रत्नागिरीत दुसऱ्या कोणी पाहिले असतील असं मला वाटत नाही. आवड म्हणून नव्हे. मला ना त्यातला बर्फ आवडतो, ना दर वेळी शेवटच्या दहा मिनिटांत सुधारणारा तो बाप. मी पाहतो ते संगीतासाठी, आणि संगीत ऐकतो ते चुका काढण्यासाठी. कारण यातल्या पाच-सहा सिनेमांचं संगीत माझ्या चुलतभावाने केलं आहे. आमच्याच वाडीतला, माझ्याच वयाचा माणूस मुंबईत बसून परदेशातल्या साठ वादकांना स्वरलिपी पाठवतो आणि ते ती मुकाट वाजवतात. माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

जळून जळून माझा अभ्यास मात्र झाला. सुरुवातीला खिडकीबाहेर बर्फ पडतो तेव्हा सेलेस्टा नावाचं एक वाद्य खेळण्यासारखं टिणटिणतं. आई एकटीच भांडी घासत असेल तर ओबो, म्हणजे तिकडची सनई. गैरसमज झाला की चेलो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ. शेवटी माणसं घरी पोचली की सगळी व्हायोलिनं एकदम उसळतात, मागून पितळी हॉर्न येतात, आणि बर्फावरून घोडे ओढतात त्या बिनचाकाच्या गाडीचे घुंगरू वाजतात. हे ठोकताळे सगळेच पाळतात. माझा भाऊपण पाळतो. पण हॉर्न यायच्या आधी तो सगळा वाद्यवृंद एक क्षण थांबवतो, आणि तिथे माझं चुका काढणं संपतं. मे महिन्यात, पंखा फुल्ल लावून, रायवळ आंबा चोखताना डोळ्यांत पाणी येतं आणि मग त्या पाण्याचाही राग येतो.

कारण ते थांबणं आमच्या बुवांचं आहे. परदेशातल्या त्या साठ जणांना हे कुठून ठाऊक असणार!

बुवा म्हणजे आमच्या वाडीच्या जाखडीचे म्होरके. गणपतीत गाणारे आणि ढोलकीवाले अंगणात मधोमध बसायचे आणि आम्ही पोरं भोवती गोल धरून नाचायचो. प्रत्येकाच्या उजव्या पायात चाळ, म्हणजे जाड दोरीत ओवलेले पितळी घुंगरू. दहा पोरांचे दहा चाळ एकच वाजले पाहिजेत. कोणाची लय सुटली तर बुवा ओरडत नसत. ढोलकीवर हात ठेवून नाच थांबवत. ज्याची चुकली त्याने आपणहून चाळ सोडून शेजाऱ्याच्या हातात द्यायचा आणि शेजाऱ्याने खाली बसून तो पुन्हा त्याच्या पायात बांधायचा. कोणी एक शब्द बोलायचा नाही. मग नाच पहिल्यापासून. शिव्या खाल्लेल्या परवडल्या असत्या. शेजाऱ्याची वाकलेली पाठ बघताना चुकणारा अर्धा व्हायचा.

माझा शेजारी हाच चुलतभाऊ. त्याचा चाळ मी किती वेळा बांधला असेन याची गणती नाही. माझा त्याला एकदाही बांधावा लागला नाही. बुवा म्हणायचे, "ह्याच्या पायाला कान हाय." ह्याच्या म्हणजे माझ्या. बुवांनी शेवटी स्वतःचा चाळ दिला तोही मलाच.

दहावीनंतर तो मुंबईला काकांकडे गेला, तिथे एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंकडे पियानो शिकला, मग स्टुडिओत लोकांसाठी व्हायोलिनचे तुकडे लिहायला लागला. मी डी.एड. केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवतो. गणपतीत तो गावी आला की सगळी वाडी त्याच्या मोबाईलभोवती. ज्या काकींना सिनेमातलं एक अक्षर कळत नाही त्या पदराने डोळे पुसतात. मी तेव्हा निर्माल्य टाकायला, पाणी भरायला, कुठेही जातो.

गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला.

"बुवांचा चाळ हाय ना तुझ्याकडं?"

"आहे. का रे?"

"बर्फातल्या गाडीसाठी घुंगरू पायजेत. स्टुडिओतले नकोत, सगळ्यांच्या सिनेमात तेच वाजतात. तू वाजवून पाठव. शेवटी नाव येईल तुझं."

नाव येईल. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठे, पडद्यावर?" तो म्हणाला, "मग काय पाटीवर?"

त्याने दोन मिनिटांचा तुकडा पाठवला, घुंगरांची जागा मोकळी ठेवून. मी वर्गात बसून तो कानाला लावून ऐकला. शाळेला सुट्टी होती, बाकं भिंतीला लावलेली. एक मुलगी आणि तिचा बाप गाडीतून घरी येताहेत. व्हायोलिनं चढत जातात, मग ते थांबणं, मग हॉर्न. इतकं चांगलं होतं की मला कोणीतरी अंगाला मिरच्या चोळल्यासारखं झालं.

बायको बरोबर आली होती. तिने मोबाईल धरला, मी चाळ बांधून एकदा पायाने ठेका धरला. पहिल्याच फटक्यात बरोबर आलं. ऐकून ती म्हणाली, "अवो, अंगावर काटा आला," आणि बाजारात मासळी संपायच्या आत पोचायला म्हणून निघून गेली.

मी एकटा राहिलो. पुन्हा ऐकलं. आणि माझ्या मनात आलं, लोक काय म्हणतील? वा, काय संगीत आहे! घुंगरांबद्दल कोण बोलणार? मी त्याच्या लग्नातला वाजंत्री. त्याच्या बर्फावर माझ्या बुवांचे घुंगरू, आणि टाळ्या त्याला.

मी ते पुसलं. पुन्हा वाजवलं. या वेळी प्रत्येक ठोका किंचित मागे ठेवला. अगदी किंचित. कोणी बोट ठेवू शकणार नाही इतका, पण गाडीचा एक घोडा लंगडतोय असं वाटेल इतका. हे करायला फार चांगला कान लागतो. मला त्याचाही अभिमान वाटला, आता काय लपवू!

तेच पाठवून दिलं. त्याचं उत्तर आलं, "मिळालं."

डिसेंबरात सिनेमा आला. रविवारी दुपारी मी आणि बायको टीव्हीसमोर बसलो. गाडी निघाली. व्हायोलिनं चढली, थांबली, हॉर्न आले, आणि घुंगरू खणखणीत, बिनचूक, एकेका ठोक्यावर. स्टुडिओतले. सगळ्यांच्या सिनेमात वाजतात तेच. शेवटी नावं वर सरकू लागली. वादकांची, जेवण पुरवणाऱ्यांची, घोडे सांभाळणाऱ्याचंसुद्धा. मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"तुमचं कुठाय?" बायको म्हणाली.

"गाळलं असेल. मोठी माणसं ती."

"असं कसं गाळतील? मी मोबाईल धरलेला तेव्हा तर बरोबर आलं होतं."

मी चष्मा पुसायला घेतला. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि टीव्ही बंद केला. उठता उठता म्हणाली, "नाचता येत नाही त्याचं अंगण वाकडं असतं. तुम्हाला तर नाचता येतं."

आणि गंमत म्हणजे वाकडं वाजवलं मी, पण राग आला तो त्याचा. तीन महिने मी त्याचा फोन उचलला नाही. नाव देतो म्हणाला होता. शब्द फिरवला. मोठा झाला ना आता. असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की खरंच वाटायला लागलं.

शिमग्याला सगळ्या चाकरमान्यांबरोबर तोही गावी आला. पालखी आमच्या घरून पुढे गेल्यावर दुपारी तो एकटाच मागे राहिला आणि अंगणात खुर्ची ओढून बसला. केस पिकलेत, गुडघे दुखतात, बसताना खुर्चीला धरावं लागतं. बायकोने कोकम सरबत दिलं आणि ती आत गेली.

मला राहवलं नाही. "माझे घुंगरू पसंत नाही पडले वाटतं तुमच्या साहेबांना?"

त्याने पेला खाली ठेवला. "मशीनवर सरळ करता आलं असतं. पाच मिनिटांचं काम."

"मग का नाही केलंस?"

"तुझं वाजवणं मी सरळ करू?"

त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. लहानपणी रोज चुकणारा तो, एवढी वर्षं ऐकून ऐकून त्याच्या कानाला पाय फुटले होते, आणि मी त्याला अजून तोच पोरगा समजत होतो.

"चाळ आण," तो म्हणाला.

मी देवघराशेजारच्या खुंटीवरून चाळ काढून आणला. त्याने हात पुढे केला. मला वाटलं, नेणार. बुवांचा चाळ मागतोय, घेऊन जाणार, आणि नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी तो त्याच्या हातात दिला.

तो खुर्चीचा दांडा धरून उठला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि सारवलेल्या जमिनीवर माझ्यासमोर खाली बसला.

"उजवा पुढं कर."

"अरे, ऊठ. लोक बघतील."

तो काही बोलला नाही. बोलायचं नसतंच. मी पाय पुढे केला. समोर त्याची वाकलेली पाठ होती, घामाने शर्ट चिकटलेली, आणि मला पन्नासाव्या वर्षी कळलं की तेव्हा त्याला काय वाटत असेल. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर गेला नाही. वादकांच्या, घोडेवाल्याच्या, कोणाच्याच नावाची मला त्या क्षणी पडली नव्हती.

त्याने दोन वेढे दिले, दोरी ओढली, गाठ मारली, आणि माझ्याच गुडघ्याला धरून उठला. खिशातून मोबाईल काढून रेकॉर्डिंग लावलं आणि समोर धरला.

"पयल्यापासून," तो म्हणाला.

मी पाय उचलला. खोटं कशाला बोलू, गाठसुद्धा त्याने माझ्यापेक्षा चांगली बांधली होती.