गाडी मानाजीरावांच्या नावावर

चेन्नईत अंबत्तूरला मी राहायचे त्या घराच्या मालकीणबाई राजसबाई. अण्णा नगरातल्या एका इस्पितळात त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून उभी हयात काढली. कितीही मोठा डॉक्टर असो, बाईंनी ठरवलं की तो फोनवर यायचाच. आवाज चढवायचा नाही आणि फोन ठेवायचा नाही, एवढीच त्यांची युक्ती. घराणं तंजावरकडचं, त्यामुळे मराठी अशी की सांगलीहून आलेल्या मला पहिले काही दिवस शिलालेख वाचतेय असं वाटायचं. पुढे मीही त्यांच्यासारखं ‘सेरि, सेरि’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणत त्यांच्या स्वयंपाकघरात हक्काने बसू लागले.

२००७ साल असेल. एका रविवारी माझा मावसभाऊ अथर्व जेवायला आला होता. तो इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. हात धुता धुता अंगणातली मोटरसायकल बघून म्हणाला, “हिचा पुढचा जोड बदलून घेतलात ना?”

कसला जोड, ते कुणालाच माहीत नव्हतं. मग त्याने समजावलं. पुढचं चाक धरून ठेवणारा एक लोखंडी जोड असतो. या मॉडेलच्या काही गाड्यांमध्ये त्याचं वेल्डिंग कच्चं राहिलं होतं. कंपनी त्या गाड्या परत बोलावून फुकटात जोड बदलून देत होती, पण गाजावाजा न करता. मूळ मालकाला तेवढा एक फोन करायचा, बस.

“तुटला तर काय होतें?” राजसबाईंनी विचारलं.

अथर्वने नळ बंद केला. “चाक सुटतं, मावशी.”

राजसबाईंचा मुलगा श्रीवत्स तेव्हा रविवारच्या जादा कामाला निघत होता. तोही तिकडच्याच एका कारखान्यात लागला होता आणि रोज ट्रकांच्या गर्दीतून हायवेने याच गाडीवर जायचा. बाईंनी टेबलावरची चावी उचलली आणि कमरेला खोचली. सहा फुटी मुलगा पाय आपटत बसस्टॉपकडे गेला. नवरा गेल्यापासून या बाईला हे एकच माणूस उरलं होतं. मुलगी दिव्यश्री तिकडे कोइम्बतूरला, तिच्या संसारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी सर्व्हिस सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने नंबर टाकून पाहिला. हो, याच गाड्यांतली आहे. जोड अजून बदललेला नाही. पण गाडी मानाजीराव नावाच्या माणसाची दिसतेय. ते स्वतः आले तरच काम होईल. त्यांना फोनही केला होता.

आता हे मानाजीराव म्हणजे राजसबाईंचे थोरले दीर, राहणार तंजावर. गाडी त्यांनी घेतली, गुडघे धरले तशी दुसऱ्या भावाच्या मुलाला, चेन्नईतल्या व्यंकटला दिली. व्यंकटने कार घेतली आणि गाडी श्रीवत्सकडे आली. नावावर कुणीच केली नाही. “घरांतच आहे की!” हे या लोकांचं ठरलेलं उत्तर. एका घरचा पाळणा दुसऱ्या घरी जावा तशा यांच्याकडे गाड्या फिरतात.

राजसबाईंनी तिथूनच व्यंकटला फोन लावला. तो आधी हवापाण्याचं बोलला, मग अडखळला, मग कबूल झाला. काकांना कंपनीचा फोन आला होता. काकांनी त्याला सांगितलं होतं. तो ‘बघतो’ म्हणाला होता.

“मग मजला काय म्हणून नाही सांगितलास?”

“काकांना कळलं असतं ना काकी, गाडी तुम्हांकडे दिली म्हणून!”

मी फोन हिसकावून घेणार होते, बाईंनी हात धरला. माझं डोकं नुसतं भणभणत होतं. काकांचा राग नको म्हणून एका मुलाला सुटणाऱ्या चाकावर बसवून ठेवायचं!

मानाजीराव आणि बाईंमधलं भांडणही काय, तर दिव्यश्रीच्या लग्नपत्रिकेत मानाजीरावांचं नाव बाईंच्या भावांच्या खाली छापलं गेलं होतं. घरातला थोरला माणूस, तो खाली! ते लग्नाला आले नाहीत, आणि त्यानंतर दोन्ही घरं मुकी झाली. पुढे जनकोजीराव, म्हणजे बाईंचे यजमान वारले, तेव्हा दीर आले, भावाच्या पायाशी उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. आपण होऊन त्यांना फोन करायचा नाही, असं बाईंनी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं.

संध्याकाळी त्या फोनजवळ बसून राहिल्या. माणसांना जोडून देण्यात हयात गेलेली बाई, आणि हात उचलेना. तेवढ्यात श्रीवत्स बसमध्ये चेंगरून, घामाघूम होऊन आला. “पोदुम, अम्मा! पुरे झालें. व्यंकटकडे दुसरी चावी आहे. उद्या तीच आणून गाडी काढतों,” म्हणाला आणि आंघोळीला गेला.

बाईंनी रिसीव्हर उचलला.

“भाऊजी, मी राजस बोलतें. ती गाडी मजकडे आहे. श्रीवत्स चालवतो.”

पुढे त्यांनी जोडाचं, चाकाचं, काउंटरवरच्या माणसाचं, सगळं एका सुरात सांगितलं. मी जवळच होते, म्हणून पलीकडचं मला ऐकू आलं.

“पोर कुठें आहे?”

“घरीं.”

“चावी?”

“मजकडे.”

“तिथेंच ठेव. मी येतों.”

रात्रीची गाडी पकडून म्हातारे सकाळी दारात हजर. लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी, कापडी पिशवी आणि कपाळाला आठ्या. कॉफी नको, बसणं नको, आधी गाडी म्हणाले. सर्व्हिस सेंटरपर्यंत ती टेम्पोत घालून नेली, कारण बाई कुणालाच बसू देईनात.

मेकॅनिकने जोड काढून पुसला. वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ होती. त्याने तिच्यात नख घातलं, तर ते आत गेलं. श्रीवत्सची तोपर्यंतची कुरकुर जागच्या जागी थांबली.

मानाजीराव तो तुकडा हातात घेऊन पाहत राहिले. “काही झालें असतें तर पोलीस मज दारीं आले असते,” ते म्हणाले.

“पोलीस नव्हें भाऊजी,” राजसबाई म्हणाल्या. “मी आलें असतें.”

म्हातारे मान खाली घालून ‘सेरि’ म्हणाले.

नवा जोड बसला तसे मात्र ते वेष्टी दुमडून श्रीवत्सच्या मागे चढून बसले. “चल, एक फेरा मार. मजसकट.” दुखऱ्या गुडघ्यांचा तो माणूस पुतण्याचे खांदे धरून औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागला आणि आम्ही दोघी फाटकाशी उभ्या राहिलो. कोपऱ्यावरून ते परत वळताना दिसले तेव्हा राजसबाई मटकन पायरीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून मनसोक्त रडल्या. मग स्वतःच हसल्या. मलाही इतकं हलकं वाटलं की मी मेकॅनिकचे तीन-तीनदा आभार मानले.

जाताना काउंटरवरच्या माणसाने विचारलं, पुढे काही निघालं तर फोन कुणाला करायचा?

“आजच नांवावर करून देतों,” मानाजीराव म्हणाले. “हिचा नंबर घाला. पण माझाही असूं द्या. हिने नाही उचलला तर मी आहे.”

“सांगा तुमचा नंबर.”

म्हाताऱ्यांनी छताकडे पाहिलं, खिसा चाचपला, ओशाळले. स्वतःच्या घरी स्वतः कोण फोन करतो?

राजसबाईंनी एसटीडी कोडसकट नंबर एका दमात सांगितला. एवढ्या अबोल्यात त्यातला एकही आकडा त्या विसरल्या नव्हत्या.