सुनंदाची शेंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे हे तिचंच आहे.

ऐंशीच्या दशकात तुर्भ्याच्या एका तेल कंपनीत, प्रयोगशाळेत, सुनंदा आणि मी बरोबरच लागलो. सोयाबीनचं तेल ठेवलं की वास मारायचं. दोष त्यातल्या एका मेदाम्लाचा — लिनोलेनिकचा. बाहेरून आणलेल्या एका वाणात ते उपजतच कमी होतं. त्याची फुलं जांभळी, आमच्या वाणाची पांढरी. जांभळ्याचे परागकण पांढऱ्याला लावायचे. साधलं तर पुढचं रोप जांभळं फुलणार. पण सोयाबीनचं फूल ते केवढं? चिमटा जरा जोरात लागला की गळालंच!

माझी सगळी गळत होती. त्यात ताप आला. त्या दिवशी प्रयोगशाळेमागच्या माझ्या वाफ्यात, कोपऱ्यातल्या रोपावर माझ्या फुलांशेजारचं एक फूल सुनंदानं केलं, त्याला माझ्याच खुणेचा लाल दोरा बांधला, मला तसं सांगितलं आणि बहिणीच्या लग्नाला बार्शीला गेली.

माझी तिथलीही फुलं गळाली; शेंग धरली ती तिच्याच फुलाला. एकच.

परत आल्या आल्या तिनं विचारलं, "माझी लागली का हो?"

काय अडचण होती खरं सांगायला? — काहीच नाही.

"गळाली," मी म्हणालो. "माझी एक लागली."

"अगंबाई! लागली ना? बास झालं!" आणि ती टाळ्या पिटत वाफ्याकडे धावली.

पुढच्या हंगामात जांभळं फूल उमललं. साहेब वाफ्यातच नाचले. मग त्या रोपाचं बी — प्रत्येक दाण्याची कपची काढून तपासायची, कोंबाकडचा भाग पेरायचा. काही दाण्यांत ते आम्ल अगदी कमी निघालं, तेव्हा आम्ही सगळे वेड्यासारखे ओरडलो. मीही. माझा आनंद खोटा नव्हता — हे कसं सांगू? बढती मला मिळाली. पेढे तिनं वाटले. त्याच वर्षी आमचं लग्न झालं, आणि सुखाचं झालं.

काल ती नव्या सुनेला सांगत होती, "ह्यांच्या हाताला यश आहे बघ. ते फूल आलं तेव्हा साहेबांनी तुर्भ्याहून जिलेबी मागवली होती!"

"वाशीहून," मी म्हणालो.

तेवढंच सुधारलं.