उतरणाऱ्यांचं वजन

गाडीखाली धक्के सोसायला लोखंडी पाट्यांऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे बसवतात, त्यांना गॅरेजवाले बलून म्हणतात. मी ते आखते. माझं माहेर तापीकाठचं, नोकरी पुण्यात आणि थोरली बहीण धडगावला नर्स. बाळंतिणींना घाटातून घरी पोचवणाऱ्या गाडीत ती सोबत जाते. पोटावर सिझेरियनचे ताजे टाके आणि खाली पाट्यांची गाडी. बाया वरपर्यंत ओठ चावत जातात, असं ती सांगायची. म्हणून मी हट्टाने माझे बलून चाचणीसाठी त्याच गाडीला लावून घेतले.

आठवडाभरही टिकले नाहीत. आक्काचा फोन आला, "तुन्हा बलून निसटी गया. बाई कन्हत कन्हत घर गयी. आते परत पाटाच बसाडतीन."

सुट्टी टाकून मी धडगाव गाठलं. बलून पुन्हा बसवला आणि बाळंतिणीऐवजी बाजाराला आलेली माणसं गाडीत भरून निघालो. खड्या वळणावर गाडी अडली, तशी सगळी माणसं एकदम खाली उतरली. एकाने चाकामागे दगड लावला, बाकीचे चालू लागले. चढावर गाडीला दम लागला की आपला भार काढून घ्यायचा, ही तिथली रीत. कुणाला सांगावं लागत नाही. पण ओझं क्षणात गेलं, बलूनमधली हवा तेवढ्यात निघेना. गाडीची पाठ उसळली आणि रबर ज्या लोखंडी बैठकीत बसतं, तिच्यातून निसटलं. कारखान्यात आम्ही वजन हळूहळू उतरवून पाहिलं होतं. माणसं तशी उतरत नाहीत.

"घाटात उतरू नये, अशी पाटी लावून टाका," पुण्यातले आमचे साहेब म्हणाले. माझं डोकंच फिरलं. आक्काला सांगितलं तर ती हसत सुटली. "लोकेस्ले नको समजाडू, तुन्हा बलूनले समजाड."

मग तेच करायचं ठरवलं. बैठक नव्याने आखली, तिची कड रबराला घट्ट धरेल अशी केली. गाडी ठरावीक उंचीच्या वर उसळू नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्टे दिले. मग अख्ख्या विभागाला कारखान्यातल्या एका गाडीत कोंबून एकदम उड्या मारायला लावलं. सगळे मला हसले, पण उतरले. एक पट्टा तुटला. तो जाड केला आणि पुन्हा उड्या मारायला लावल्या. "एका घाटासाठी एवढं?" साहेबांनी विचारलं. "घाट एकच आहे, पण बाया रोज चढतात," मी म्हटलं. त्यांनी सही केली, बहुधा माझ्या कटकटीला कंटाळून. धडगावहून मात्र निरोप होता, या खेपेला निसटला तर पाटेच.

या खेपेला गाडीत खरी बाळंतीण होती आणि तिचं सगळं गणगोत. वळणावर सासू, नवरा, दीर, मावशी धडाधड उतरले. मीही उतरून चाकाशी वाकले. गाडी उसळली, पट्टे ताणले गेले आणि ती तिथेच थांबली. रबर जागचं हललं नाही. मी आनंदाने ओरडलेच.

आतून आक्काने डोळे वटारले. ती बाळंतिणीची नाडी धरून बसली होती, चेहरा घाबराघुबरा. मी दाराशी धावले.

"काय झायं?"

"काही नही," ती हळूच म्हणाली. "या घाटमा कोनी झोपस का? मी भ्यायनू ना. झोपेल शे ती."